ती सुटी सिगरेट कुठे आहे?

ताई, चवथीला गणपतीपुढे नारळ ठेवून यजमानांनी सिगरेट सोडली. २२ वर्षांची सवय, रोजचं एक पाकीट. आज अकरावा दिवस आहे आणि घरात कुणाला सुख नाही. मुलावर विनाकारण ओरडतात, हुमण खारट म्हणून ताट सरकवतात, रात्रभर कूस बदलत राहतात. मी दिवसातून पाच-सहा वेळा चहा करून देते, तरी तेच. परवा वैतागून नाक्यावरच्या गाड्यावरून एक सुटी सिगरेट आणून मीच त्यांच्यापुढे ठेवली. ती घेतली नाहीच, वर माझ्यावरच भडकून झोपायला गेले. मी किती सहन करायचं?
– एक गृहिणी, डिचोली

बाय, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ताट, मुलगा, झोप यांवर तुम्ही भरभरून लिहिलंय आणि सिगरेटीचं एका ओळीत उरकलंय. मला त्या ओळीबद्दलच बोलायचंय.

ज्या माणसाने नवव्या दिवशी समोर आलेली सिगरेट घेतली नाही, त्याची तक्रार तुम्ही माझ्याकडे करताय? आणि ती समोर ठेवली कुणी? मित्रांनी नाही, कामावरच्या कुणी नाही. गोव्याने १९९७ सालीच सार्वजनिक ठिकाणी सिगरेट ओढण्याविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा २००३ चा. पण घराच्या उंबऱ्याआत कायदा येत नाही. तिथे त्यांना फक्त तुमचाच आधार होता. ते भडकले ते तलफेने नव्हे, असं मला वाटतं. त्यांना लागलं.

तुम्हाला जुना शांत नवरा परत हवाय, हे समजतं. पण ती शांतता कसली होती ते बघा. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. मग जीव कासावीस होतो, पुढची सिगरेट ओढली की बरं वाटतं. म्हणजे आधीच्या सिगरेटीने लावलेली तगमग पुढची शमवत होती, इतकंच. आता ती साखळी तुटलीय. चिडचिड, झोप उडणं, भूक वाढणं, लक्ष न लागणं हे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असतं आणि बहुतेकांचं २ ते ४ आठवड्यांत ओसरतं. म्हणजे कठीण चढ ते चढून गेलेत. त्या रात्री एक झुरका मारला असता, तर बहुधा पुन्हा पायथ्याशी आले असते.

हुमणाचं म्हणाल, तर मीठ तुमचं नेहमीइतकंच असेल. सिगरेट सुटली की जिभेची चव परत यायला लागते. मीठ थोडं कमी घाला आणि रागावू नका.

चहा मात्र खरंच कमी करा. धुरामुळे शरीर कॅफीन झपाट्याने संपवतं. धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफीन रक्तात कितीतरी जास्त वेळ राहतं. तुम्ही मायेने सहावा कप देता आणि रात्री ते छताकडे बघत पडतात. दोन कप पुरे, संध्याकाळनंतर एकही नाही. तलफेची उबळ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी द्या, किंवा सरळ म्हणा, चला, जरा फिरून येऊ. अगदीच अनावर झालं, तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, पाकिटावरही छापलेला असतो. २२ वर्षं रोज पाकीट ओढणाऱ्याने निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगमबद्दल डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. ताट सरकवणं मी तलफेच्या खात्यात टाकीन, हात उगारणं नाही. तसं काही असेल तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी वेगळं बोलेन.

आता मूळ मुद्दा. त्यांनी नाकारलेली ती सिगरेट टाकून दिल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की ती अजून घरात आहे, फडताळात किंवा डब्यामागे, ‘लागली तर असू दे’ म्हणून. आज ते कामावरून आले की चहाच्या आधी ती बाहेर काढा, त्यांच्यासमोर मोडा आणि म्हणा, ‘परवा माझं चुकलं.’ त्यांच्या ओरडण्याचा हिशेब त्यात घालू नका. तो महिन्याभराने मांडा, तेव्हा ऐकायला माणूस ताळ्यावर असेल.