बार हलका घ्यावा की टिकाऊ?

प्रश्न: माझ्याकडे 58 सीसीचं चायना मेड कटर (झाडं तोडायची चेनसॉ) आहे, सोबत 22 इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, आला होता. आंबा-काजूच्या फांद्या आणि पावसात पडलेली झाडं तोडायला वापरतो. दोन तास चालवलं की मनगटं आणि कंबर जाते. वर्षात दोन बार खराब झाले. दुकानदार सॉलिड घ्या म्हणतो, पुतण्या म्हणतो हलका घ्या. काय करू?
– एक बागायतदार, लांजा

उत्तर: दादा, हलका की सॉलिड हे नंतर बघू, आधी सांगा 22 इंच तुम्हाला लागतो कधी? फांद्यांना तर नाहीच, आणि बुंधा दोन्ही बाजूंनी कापला तर 18 इंची बारवर तीस इंचाचं खोड पण उरकतं. भरलेला तांब्या छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, वजन तेवढंच पण खांदा लगेच बोलायला लागतो, बारचं तसंच आहे. पुढचे चार इंच कमी झाले की जो फरक पडतो तो महागड्या हलक्या बारनेही पडेलच असं नाही. फक्त चेन पण बदलावी लागेल, तुमच्या 22 ला 86 ड्राइव्ह लिंकची (लिंक म्हणजे बारच्या खाचेत बसणारे चेनचे दाते) असते, 18 ला बहुतेक 72 ची. बारच्या शेपटीजवळ, म्हणजे मशीनला बसतो त्या टोकाला, पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (लिंकची जाडी), लिंक सगळं कोरलेलं असतं, त्याचा फोटो काढून दुकानात जा, कारण शेपटीची खाच आणि ऑइलचं भोक प्रत्येक मशीनचं जुळत नाही.

आता प्रकार. लॅमिनेटेड बार म्हणजे तीन पत्रे स्पॉट वेल्डिंगने एकत्र केलेले, मधला पत्रा कातरून पोकळी ठेवली की झाला हलका. सॉलिड बार एकाच जाड पट्टीचा, काही कंपन्या त्यात खाचा पाडून ॲल्युमिनियम भरतात, ते लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण किंमत ऐकून आपण परत घरी येतो. सॉलिडचा खरा फायदा म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये नाकाचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, चक्र गेलं की फक्त नाक बदलता येतं आणि वाकला तर सरळ करायला वाव असतो. लॅमिनेटेडचं नाक गेलं की बहुतेक वेळा अख्खा बार भंगारात. पण तुमच्यासारख्या फांद्या आणि चिरफाडीच्या कामाला मी 18 इंची साधा लॅमिनेटेडच घेईन, दोन घेतले तरी चालतील.

आणि वर्षात दोन बार जातात त्यात बारचा दोष कमी वाटतो मला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धनकडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तसली आडवी खोडं कापताना बारचं नाक खालच्या मातीत घुसतं आणि आपल्याकडे तर जांभ्याची खडी, मग चेन बसते ती खाच घासून रुंद होते, चेन डुलायला लागते आणि काप वाकडा जातो. खोडाखाली ओंडका सरकवून उचलून घ्या ना थोडं. चेन बदलली की प्रत्येक वेळी बार उलटा करून लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील, कडेला आलेली कुसळं कानशीने काढा आणि खाचेतला भुसा पातळ पत्र्याने खरवडा. नाकाला भोक असेल तर ग्रीस द्या. चेन हाताने एका बाजूला ढकलून बघा, जास्त कलली तर खाच रुंद झालीय, त्यात नवीन चेन घालून पैसे घालवू नका.

प्रश्न: चेनला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चालतं का? फुकट मिळतं.
– एक शेतकरी, संगमेश्वर

उत्तर: चालतं हो, सगळेच घालतात, पण त्यात इंजिनमधला धातूचा बारीक चुरा असतो म्हणजे तुम्ही बारला पॉलिश पेपरच लावताय, शिवाय ते तोंडावर हातावर उडतं, कातडीला ते वाईटच. चेन ऑइल चिकट असतं म्हणून नाकावरून वळताना उडून जात नाही. नाहीच मिळालं तर नवीन 20 डब्ल्यू 40 इंजिन ऑइल घाला. आणि सुरू करताना नाक पांढऱ्या लाकडाच्या सालपटासमोर धरून रेस द्या, तेलाची रेघ उठली पाहिजे, नाही उठली तर बार काढून आधी ऑइलचं भोक टोकरा.