वाचकांचे प्रश्न : औषध नवं, मग मृत्युदर जुनाच का?

प्रश्न : फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या एका नव्या गोळीने ‘मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी’ होतो, असं वाचलं. मग आपल्याकडचे मृत्यूही तेवढे कमी व्हायला नकोत का?
— वाचक, खारघर

तुम्ही वाचलेली गोळी बहुधा ओसिमर्टिनिब असावी. तिची तुलना झाली ती त्याच कुळातल्या जुन्या गोळ्यांशी, म्हणजे जेफिटिनिब आणि अर्लोटिनिबशी. आजार पसरलेल्या रुग्णांपैकी जुन्या गोळीवर निम्मे ३१.८ महिन्यांपेक्षा जास्त जगले, नवीवर ३८.६. फरक सुमारे सात महिन्यांचा. ‘२० टक्के’ म्हणजे अभ्यासाच्या काळात मृत्यूचा वेग पाचव्या हिश्शाने मंदावला. पाचातला एक जण मरणातून सुटला, असा त्याचा अर्थ नाही.

आता शहराचा हिशेब मांडू. समजा, ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात वर्षाला फुप्फुसाच्या कॅन्सरचे १००० नवे रुग्ण सापडतात (आकडा हिशेबाला सोपा म्हणून घेतलाय, मोजलेला नाही). त्यांत नॉन-स्मॉल सेल या जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे साधारण ८५०. गोळी चालते ती गाठीतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बदल असेल तरच, आणि भारतात तो या रुग्णांपैकी ढोबळमानाने चौघांत एकाला असतो. उरले २१०. मग गळती सुरू होते. बायोप्सीचा तुकडा जनुक-तपासणीला पुरत नाही, रिपोर्टची वाट न बघता केमो सुरू करावी लागते, दरमहाचा खर्च झेपत नाही. धरा की १०० जणांपर्यंत औषध पोचलं. प्रत्येकी सात महिने, म्हणजे एका वर्षाच्या रुग्णांमागे मिळून सुमारे ५८ वर्षांचं आयुष्य वाढलं.

मृत्यूच्या नोंदीत हे कसं उमटेल? गोळी वापरात आल्यावरच्या काही वर्षांत मिळून ५८ च्या आसपास मृत्यू कमी नोंदले जातील. नंतर आकडा जवळपास पूर्वीच्या पातळीवर येईल, कारण मृत्यू टळलेले नाहीत, पुढे गेलेत. सगळ्या लोकल सात मिनिटं उशिरा धावू लागल्या, तर ठाणे स्टेशनात पहिल्या दिवशी एक-दोन गाड्या कमी मोजल्या जातील. दुसऱ्या दिवसापासून चोवीस तासांत गाड्या तेवढ्याच. घरच्यांना या सात महिन्यांचं मोल किती, हा प्रश्नच वेगळा. इथे फक्त शहराचा आकडा मोजतोय.

दर कायमचा खाली यायचा तर रोग मुळात कमी लोकांना व्हायला हवा, नाहीतर बरा तरी व्हायला हवा. हीच गोळी ऑपरेशननंतर तीन वर्षं दिली तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७८ वरून ८८ टक्क्यांवर गेलं. पण त्यासाठी ऑपरेशन करता येईल अशा टप्प्यावर गाठ सापडावी लागते, आणि फुप्फुसाच्या बाबतीत घोडं नेमकं तिथेच अडतं.

प्रश्न : औषधांमुळे मृत्युदर खरोखर उतरल्याचा पुरावा कुठे आहे का? की सगळं श्रेय तंबाखू सुटण्याचं?
— वाचक, नौपाडा, ठाणे

दोन्ही आहे, आणि वेगळं काढता येतं. अमेरिकेत पुरुषांमधला नॉन-स्मॉल सेल फुप्फुस-कॅन्सरचा मृत्युदर २००६ ते २०१३ मध्ये वर्षाला ३.२ टक्क्यांनी घटत होता. २०१३ ते २०१६ मध्ये ६.३ टक्क्यांनी. नव्या रुग्णांचं प्रमाण मात्र एवढ्या वेगाने उतरत नव्हतं. ठरावीक जनुक-बदलावर नेम धरणाऱ्या ‘टार्गेटेड’ गोळ्यांसाठी जनुक-तपासणी नेहमीची झाली ती याच सुमारास. तुलनेला स्मॉल सेल हा फुप्फुस-कॅन्सरचाच दुसरा प्रकार हाताशी आहेच. तोही सिगारेटमुळेच होतो, पण त्या काळात त्यावर नवं परिणामकारक औषध आलं नव्हतं. तिथे मृत्यू उतरले ते नवे रुग्ण घटले तेवढेच. पहिल्या प्रकारातली जादाची घट उपचारांची मानायची ती यावरून.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये औषधांचा वाटा आणखी मोठा. अमेरिकेतल्या एका गणिती अभ्यासानुसार २०१९ मधला मृत्युदर, तपासणी आणि आधुनिक उपचार नसते तर राहिला असता त्यापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होता. त्या घटीतला साधारण निम्मा वाटा सुरुवातीच्या टप्प्यातल्या उपचारांचा, उरलेल्यात पसरलेल्या आजारावरचे उपचार आणि मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी). या ‘सुरुवातीच्या उपचारां’त टॅमॉक्सिफेनसारखी जुनी गोळी आहे. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठीत ती पाच वर्षं घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आणि बिघडतं ते इथेच. दोन वर्षांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा अंगातून वाफा येतात म्हणून गोळी परस्पर बंद होते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

किमतीचं गणित वेगळं. इमॅटिनिब या गोळीने सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचं रूप पालटलं, पण भारतात ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं जेनेरिकमुळे. पेटंट नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ एप्रिल २०१३ चा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या, प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणाऱ्या महागड्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅम डोस तीन आठवड्यांनी दिला. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला ही जोड दिल्यावर वर्षभर जगणारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. गुटखा-मिश्रीच्या आपल्या मुलखात, आमच्या मते, दहा महागड्या औषधांच्या बातम्यांपेक्षा ही मोठी बातमी.

प्रश्न : ‘पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं’ म्हणजे मृत्यू घटले, असं समजावं का?
— वाचक, ऐरोली

लगेच नाही. एखादी व्यक्ती ७० व्या वर्षी जाणारच असेल आणि निदान ६७ ऐवजी ६४ व्या वर्षी झालं, तर ती ‘पाच वर्षं जगलेल्यां’त मोजली जाते, आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसतं. म्हणून लाखामागचे मृत्यू बघा, तेही वयानुसार जुळवलेले, म्हणजे लोकसंख्येत म्हातारी माणसं कमी-जास्त असल्याचा परिणाम काढून टाकलेले.

प्रश्न : ठाण्याचा कॅन्सर-मृत्युदर मृत्यूच्या दाखल्यांवरून काढता येईल का?
— वाचक, कळवा

दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतंच. ते असतं डॉक्टरने भरायच्या नमुना ४ मध्ये (रुग्णालयात) किंवा ४-अ मध्ये (घरी मृत्यू झाल्यास). पहिल्या भागात (अ) ला तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे ओढवलं ते, आणि सर्वांत खालच्या ओळीत मूळ रोग. आकडेवारीत सहसा तो मूळ रोग धरला जातो. घोटाळे होतात ते असे : फक्त ‘हृदय व श्वसन बंद पडणे’ लिहिलं, तर कॅन्सर गायब. फक्त ‘कर्करोग’ लिहिलं, तर अवयव गायब. स्तनाचा कॅन्सर फुप्फुसात पसरलेला असताना ‘फुप्फुसाचा कॅन्सर’ लिहिलं, तर एका रोगाचा मृत्यू दुसऱ्याच्या खात्यात.

मृत्यू घरी झाला, तर ४-अ भरणाऱ्या डॉक्टरांना बायोप्सीचा रिपोर्ट आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड दाखवा. फॅमिली डॉक्टरांकडे ते कागद असतीलच असं नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातलगालाही मिळते. खालची ओळ वाचून घ्या, आणि चूक दिसली तर ज्यांनी सही केली त्यांनाच आधी गाठा.