छोटी गाडी, लांबचा पल्ला : वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोखही बदलतो. या वेळी बहुतेक पत्रं शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवरून दूर जाण्याबद्दल आहेत.

आमच्या ११० सीसी स्कूटरला २२ हजार किमी झालेत. दिवाळीनंतर आम्ही दोघं तिच्यावरून इंदूरला जायचं म्हणतोय. झेपेल का?
– वाचक, सिडको (नाशिक)

झेपेल, पण आधी बेल्ट बघा. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे रबरी बेल्टने जाते. हा बेल्ट साधारण २० ते २५ हजार किमीला बदलतात, म्हणजे तुमची गाडी नेमकी त्याच टप्प्यावर आहे. शहरात बेल्ट तुटला तर गाडी ढकलत गॅरेज गाठता येतं. सेंधव्याच्या घाटात तुटला तर टेम्पोच शोधावा लागेल. निघण्याच्या दोन आठवडे आधी तो बदला, म्हणजे बसवताना काही कमीजास्त राहिलं असेल तर ते नाशिकमध्येच कळेल. कव्हर उघडलंच आहे तर बेल्टच्या पुढच्या पुलीतले रोलरही काढून पाहायला सांगा. एका बाजूने चपटे झाले असतील तर गाडी धक्के देते आणि चढाला मार खाते. बदलायचे तर सगळे एकदम, एक-दोन नव्हे. जुन्या बेल्टला भेगा नसतील, दोरे सुटले नसतील, तर तो डिकीत टाका. वाटेत मेकॅनिक कुठेही भेटतो, तुमच्या मॉडेलचा बेल्ट मात्र भेटेलच असं नाही.

दुसरी गोष्ट सामानाची. मागच्या कॅरिअरवर बॅगा रचायची आपल्याकडे फार हौस. चाकाच्या ॲक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेग वाढला की हँडल थरथरायला लागतं. जड वस्तू डिकीत आणि पायाशी, फक्त कपडे मागे. टायरमध्ये गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेली डबलसीटची हवा भरा, तीही सकाळी, टायर गार असताना. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते. ती काढून टाकलीत तर संध्याकाळी टायर बसलेला सापडेल.

टाकी पाच-साडेपाच लिटरची आणि डबलसीट ॲव्हरेज ४५ च्या आसपास. दर दीडशे किमीला भरत जा. फ्युएल इंजेक्शनच्या (बिनकार्ब्युरेटरच्या) गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून काटा तळाला जाईपर्यंत ताणू नका.

चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा चारशे किमीच्या वरचा रस्ता आहे. तो एका दिवसात उरकण्यात काही शहाणपण नाही. मुक्काम धुळे किंवा शिरपूरला करा. ५० ते ५५ चा वेग ठेवा आणि तासाला दहा-पंधरा मिनिटं थांबा. विश्रांती इंजिनापेक्षा तुमच्या कमरेला जास्त लागते. आग्रा रोडवर, म्हणजे याच मुंबई-आग्रा महामार्गावर, ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. तेव्हा हँडल घट्ट आवळू नका, नुसता गॅस स्थिर ठेवा.

सापुताऱ्याहून वघईकडे उतरताना स्कूटरचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. थोडं थांबल्यावर पुन्हा लागायला लागला. बिघाड कुठे?
– वाचक, सातपूर

बिघाड असेलच असं नाही. सतत दाबून ठेवल्यामुळे ब्रेकचा ड्रम तापला, त्याला आतून घासणारं लायनर तापलं आणि त्याची पकड गेली. गार झाल्यावर ती परत आली. ब्रेक उतारभर धरून ठेवायचा नसतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचे.

पण स्कूटरची एक खोड माहीत हवी. उतारावर गॅस सोडला की थोडा वेळ इंजिन गाडीला धरून ठेवतं. वेग १५-२० च्या खाली गेला की क्लच सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. अशा वेळी गॅस किंचित देऊन लगेच सोडा. क्लच पुन्हा पकडतो आणि इंजिनाचा आधार परत मिळतो. पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करणारे हा आधार स्वतःहून घालवतात. त्यात किल्ली चुकून लॉकपर्यंत फिरली तर हँडलच अडकतं.

तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो वाकडा होऊ शकतो. पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभे राहा. घरी आल्यावर मागच्या चाकापाशी ब्रेकच्या दांड्याकडे बघा. तिथे छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो ड्रमवरच्या खुणेला भिडत असेल तर लायनर संपलं.

पुढे डिस्क असेल आणि तिचा लिव्हर मऊ पडून हँडलला टेकत असेल, तर मामला वेगळा. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओल शिरते, ती उष्णतेने उकळते आणि वाफ दाबली जाते. ते ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

समृद्धी महामार्गावरून स्कूटर नेता येते का?
– वाचक, इगतपुरी

नाही. दुचाकींना बंदी आहे. मुंबईला जुना महामार्ग कसाऱ्यावरून, नागपूरला धुळे-जळगाव-अकोला-अमरावती.

शंभर सीसीची जुनी मोटरसायकल आहे. तारांची चाकं, ट्यूबचे टायर. आडवाटेला पंक्चर झालं तर स्वतः काय करता येईल?
– वाचक, सिन्नर

ट्यूबलेसवाल्यांसारखी पट्टी खुपसून इथे भागत नाही. मागची आणि पुढची अशी प्रत्येकी एक नवी ट्यूब, दोन टायर लिव्हर, ॲक्सलच्या नटाचे पाने, पक्कड आणि पायाने मारायचा पंप एवढं न्या. ठिगळापेक्षा ट्यूब बदलणं सोपं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. ब्रेकचा दांडा आणि ब्रेक प्लेटची पट्टी सोडवा, नट काढून ॲक्सल ओढा. ॲक्सलवरची कॉलर (चाकाशेजारची छोटी नळी) कोणत्या बाजूला होती ते आधीच पाहून ठेवा. ती उलटी बसली तर चाक घासतं. जुनी ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. बाभळीचा काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूब दोन किमीत जाते. हे सगळ्यात जास्त घडतं. नव्या ट्यूबमध्ये ती गोल होण्याइतकीच हवा भरून आत घाला. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटची वीतभर कड हाताने चढवा, लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटली जाते.

मागचं चाक बसवताना चेन जुळवावीच लागते. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी पाहा आणि जिथे सर्वांत ताणलेली असेल तिथे हे माप धरा. ॲक्सलपाशी दोन्ही बाजूंच्या चेन ताणायच्या खुणा सारख्या हव्यात. रोज सकाळी ऑइलही पाहा. ऑइल मोजायची काडी पुसून भोकात नुसती टेकवायची, आटे पिळायचे नाहीत. शंभर सीसीच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी फरक पडतो.

जाताना गाडीवर, येताना रेल्वेने असं जमतं का?
– वाचक, नाशिकरोड

जमतं. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गोणपाट-पुठ्ठ्याचं पॅकिंग लागतं. आरसे आधीच काढून बॅगेत ठेवा. तुम्ही ज्या रेल्वेने येता त्याच रेल्वेने गाडी आणायची तर तिकीट दाखवून लगेजमध्ये बुक करा. नाशिकरोडला थांबा काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे पार्सल मागून येऊ शकतं. उतरवून घेतल्यावर पंपापर्यंत गाडी ढकलायची तयारी ठेवा.