गाडीचा मागचा शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) बदलताना बोल्ट तुटला तर

भाऊ, आपल्या काळ्या मातीचा चिखल खालच्या बोल्टला पावसाळाभर ओला चिकटून राहतो. गंज फक्त आट्यांत नसतो, बुशच्या (शॉकच्या टोकाच्या रबरी कड्याच्या) आतल्या लोखंडी नळीतही असतो. म्हणून नट निघतो, पण बोल्ट हलत नाही.

आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवायचं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनी कोपरे खातो. आधी किंचित आवळा, मग सोडा. नळीत अडकलाच तर ठोकत बसू नका. शॉक बदलायचाच आहे, तेव्हा बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट कापा. शॉकच्या नळकांड्याला मात्र पातं किंवा गॅसची ज्योत लावू नका, आत दाब असतो.

वेल्ड केलेल्या नटात बोल्ट तुटला आणि तुकडा थोडा बाहेर असेल, तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करा. तुकडा लाल होऊन थंड झाला की गंजाची पकड सुटते. वेल्ड करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ब्रेकचा पाईप आणि डिझेलची टाकी किती जवळ आहे तेही बघा. तुकडा आत असेल तर बरोबर मधोमध पंच मारा, आधी ३ मिमी, मग मोठा ड्रिल. एक्स्ट्रॅक्टरवर (तुटका बोल्ट फिरवून काढायच्या हत्यारावर) जोर नको. तो आत मोडला तर साधा ड्रिल त्याला कापत नाही.

नवा बोल्ट जुन्याच ग्रेडचा (ताकदीचा), त्याच आट्यांचा घ्या. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करूनच, नाहीतर रबरी बुश पिळलेला राहून लवकर फाटतो.