ज्याचं काम, त्याचं नाव

बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. सोबत त्या मेलचा फोटो. ‘आपल्या उल्लेखनीय कार्याची दखल घेऊन’ मानद फेलोशिप, आणि खाली बारीक अक्षरात प्रक्रिया शुल्क साडेचौदा हजार, शाल आणि मोमेंटो धरून. त्याखाली तुझा प्रश्न: सर, भरू का?

भरू नकोस. त्या मेलला उत्तरसुद्धा देऊ नकोस, नाहीतर दर आठवड्याला नवी पदवी येईल. हा विषय इथे संपला. तू काही भोळी नाहीस, ते दुकान आहे हे तुला मेल उघडतानाच कळलं होतं. मला झोप लागली नाही ती तुझ्या पुढच्या ओळीने. “पाच वर्षं डीईआयसीत, जिल्ह्याच्या बालतपासणी केंद्रात बसून मुलं तपासतेय, माझं नाव कुठेच नाही.”

तर आधी खरी फेलोशिप कशी मिळते ते सांगतो, कारण तू दोन गोष्टींची गल्लत करते आहेस. आपल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत फेलो होण्यासाठी अर्ज करता येतो. सभासदत्वाची काही वर्षं, प्रसिद्ध झालेलं काम, दोन-तीन ज्येष्ठांची शिफारसपत्रं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन तर काम चांगलं आहे एवढ्यावर भागवत नाही. त्या कामाचा परिणाम तुझ्या गावाबाहेर, तुझ्या संस्थेबाहेर कुठे दिसला ते दाखव म्हणते. मानद फेलोशिपचं तसं नसतं. ती मागता येत नाही. कोणीतरी दुसऱ्याने तुझं नाव लिहायचं, आणखी कोणी अनुमोदन द्यायचं, मग कार्यकारिणी, मग अधिवेशनात घोषणा. सगळी गाडी त्या पहिल्या माणसावर अडलेली असते. तो फॉर्म भरायला बसला तर सगळं, नाही बसला तर काही नाही.

म्हणून सांगतो, ज्याचं काम, त्याचं नाव. तू स्वतः काय मागायचं याचा विचार सोड. तुझ्या पेनातून कोणाचं नाव लिहायचं राहिलंय ते बघ.

तू म्हणशील, सर, मला मिळत नाही म्हणून मी रडतेय आणि तुम्ही मला दुसऱ्यांसाठी फॉर्म भरायला सांगताय. हो. तेच सांगतोय. ऐकून घे.

आमच्या ओपीडीत टेस्टिंगला, म्हणजे मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घ्यायला, एक बाई होत्या. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईल. एम.ए. झालेल्या, पुढचं शिक्षण घरच्यांनी होऊ दिलं नाही, पद कायम ‘सहायक’. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात साठ-सत्तर आईबाप, कडेवर पोरं, हातात रेशनकार्डाच्या झेरॉक्स. बाई सेगुइनचा फॉर्म बोर्ड मांडायच्या. दहा लाकडी आकार, तीन ढिगाऱ्यांत, मुलाने खाचांत बसवायचे. स्टॉपवॉच पदराआड धरायच्या, कारण घड्याळ दिसलं की पोरं आकार सोडून त्यालाच हात घालतात. तीन वेळा करून घ्यायचं, सगळ्यात कमी वेळ धरायचा, हे तुलाही माहीत आहे. बाई मात्र चौथ्यांदा एकदा उगाच खेळू द्यायच्या. त्याची नोंद फॉर्मवर कुठेच करता येत नाही. “मुलाला वाटलं पाहिजे, जिंकून गेलो,” म्हणायच्या.

एकदा काटोलकडचा एक मुलगा आला, आठेक वर्षांचा. मी समोर होतो. भाज्यांची चित्रं दाखवून नावं विचारत होतो, सहज, बोलतं करायला. टोमॅटोला तो म्हणाला भेदरं. कोथिंबिरीला सांभार. मी पुण्याहून शिकून आलेला शहाणा! कागदावर दोन्हींपुढे फुली मारली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली. तालुक्याप्रमाणे शब्द. काटोलचं पोट्टं काय म्हणतं, उमरेडचं काय, धारणीहून आलेल्या कोरकू मुलाला कोणता प्रश्न मराठीत पोचतच नाही. कोणत्या सूचनेवर मुलं अडतात आणि शब्द बदलला की सुटतात. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या.

तू रोज बीकेटी करतेस, बुद्धिमापनाची बिने-कामत टेस्ट. त्यातला ‘के’ म्हणजे कामत. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिनेची मोजपट्टी मराठी आणि कन्नड मुलांवर बसवली. आजही वॉर्डात आवाज येतो, “याची बिने-कामत झाली का?” माणूस जाऊन किती काळ लोटला, पण नाव दिवसाला दहादा घेतलं जातं. सामाजिक वाढीसाठी व्हीएसएमएस काढतेस, बुद्धीसाठी मिसिक काढतेस, दोन्हींची भारतीय रूपं मॅलिन यांची, आणि ती तर आपल्या नागपुरातच तयार झाली. चाचणीला माणसाचं नाव लागलं की काम टिकतं. बाईंची वही त्याच रांगेतली होती. त्या दर्जाची होती असं मी म्हणत नाही, तेवढा मी भावनाविवश नाही. पण त्याच रांगेतली.

मी काय केलं? वही मागून घेतली, दोन महिन्यांत त्यावर पेपर लिहिला, अधिवेशनात वाचला. टाळ्या पडल्या. शेवटच्या स्लाइडवर ‘सर्व सहकाऱ्यांचे आभार’. सर्व!

त्या काळी पद्धतच तशी होती, हे मी इतक्या वेळा म्हटलंय की मला ते पाठ झालंय. सहायकाचं नाव लेखकांत घालत नसत. वरिष्ठांनी तसं सुचवलंही नसतं. विश्लेषण माझंच होतं, इंग्रजी माझंच होतं, आणि मी तो पेपर केला नसता तर ती वही रद्दीत गेली असती. हे सगळं खरं आहे. पुढे मला मानद फेलोशिप मिळाली तेव्हा मानपत्रात त्या पेपरचा उल्लेख होता. मी ती घेतली. का घेऊ नये? तीस वर्षं खपलो होतो, दुसरंही बरंच केलं होतं. नाकारली असती तर कोणाचं भलं होणार होतं? बाई पहिल्या रांगेत नव्हत्या, पाचव्या-सहाव्या रांगेत होत्या. जेवणाच्या वेळी येऊन म्हणाल्या, “सर, शाल चांगली आहे.” बस.

मग मी ठरवलं, बाईंचं नाव आपण पाठवायचं. फॉर्म आणला. चार पानं. यंदा राहिलं, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी अनुमोदकाची सही राहिली. असं चार वर्षं. पाचव्या वर्षी बाई गेल्या. आमच्या संघटनेच्या घटनेत मरणोत्तर मानद फेलोशिपची तरतूद नाही. तो फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे, नावाच्या रकान्यात नाव भरलेलं, बाकी कोरा.

आता कळलं मी का चिडतो?

तू लिहितेस की तुझ्या विभागप्रमुखांनी तुझा डेटा वापरला आणि तुझं नाव तिसरं टाकलं. तिसरं का होईना, आहे ना? भांड जरूर, मी सांगतो भांड. पण मला एक सांग, तुझ्या त्या डेटामध्ये गावोगावी फिरून मुलं शोधून तुझ्यापर्यंत आणणाऱ्या आशाताई किती? त्यांपैकी एकीचं तरी नाव तुझ्या मसुद्यात आहे? मी तो वाचलाय. ‘सर्व सहकाऱ्यांचे आभार’ असं लिहिलंयस. शब्दन् शब्द माझाच.

ज्याचं काम, त्याचं नाव. यात तुझंही नाव आलं, म्हणून मी तुला नम्र हो वगैरे सांगत नाही. मेरी व्हिटन कॉल्किन्स आठवते? एम.ए.ला साहचर्याच्या प्रकरणात जोड्यांची पद्धत पाठ केली असशील, ती तिची. हार्वर्डमध्ये विल्यम जेम्सकडे शिकली, पीएच.डी.चं सगळं काम केलं, परीक्षकांनी वाखाणलं, आणि बाई म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९०२ मध्ये रॅडक्लिफची पदवी देऊ केली, म्हणजे शेजारच्या मुलींच्या कॉलेजची. तिने घेतली नाही. काम हार्वर्डमध्ये केलं, तर कागदावरही हार्वर्डच पाहिजे. तीन वर्षांनी ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पहिली स्त्री अध्यक्ष झाली, आणि १९२८ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने तिला मानद सभासद करून घेतलं. हार्वर्डने मात्र ती पदवी कधीच दिली नाही. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं सन्मानांची यादी लिहून घ्यायची. अरे, तिने काय नाकारलं ते लिहा ना!

तुला शाल पाहिजे असेल तर रामदासपेठेतल्या दुकानात साडेचारशेला मिळते.

जरा जास्तच बोललो. तुझं काम चांगलं आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला माहीत आहे असं मी धरून चालतो. सभासदत्वाची वर्गणी भर, दर वर्षी, चुकवू नकोस. अधिवेशनात पेपर वाच, निव्वळ सहलीला जाऊ नकोस. सीआरआरचं, म्हणजे पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीचं, नूतनीकरण वेळेत कर, मागच्या खेपेला तू शेवटच्या दिवशी धावपळ केलीस. बाकी फेलो कधी व्हायचं ते तुझं तू बघ, त्याची घाई नाही.

आणि रविवारी घरी ये. दुपारी चारनंतर, त्याआधी मी झोपलेला असतो. बाईंची ती वही माझ्याकडेच आहे. त्यांच्या मुलीला मागच्या महिन्यात फोन केला होता, परत देऊ का विचारायला. ती म्हणाली, काका, आता आम्ही काय करणार तिचं? तुला टाइप करून घेता येईल, आताच्या मुलांवर पुन्हा तपासता येईल. काही शब्द गेले असतील, टीव्हीने बरेच घालवले. मुलीची परवानगी मी घेतली आहे, लेखी. लेखकांत पहिलं नाव बाईंचं, दुसरं तुझं. माझं नको. अगदीच वाटलं तर आभारात घाल, पण तिथे ‘सर्व सहकारी’ लिहू नकोस.

बाईंचं पूर्ण नाव तुला मुलीकडून नीट विचारून घ्यावं लागेल. वहीत ते कुठेच नाही. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने एवढंच लिहिलंय: ‘ओपीडी, खोली नं. ७.’

तुझा,
सर