इंजिनातला काळा गाळ कसा काढावा?

प्रश्न : मी नुकतीच सुमारे ९०,००० किलोमीटर चाललेली, पेट्रोलवरची जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसिंगच्या नोंदी नाहीत. ऑइल भरण्याचे झाकण उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा काळा, चिकट थर दिसला. एक मेकॅनिक बाटलीतले फ्लश (गाळ विरघळवणारे द्रव) टाकून इंजिन धुवायला सांगतो, तर दुसरा डिझेल भरून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायला सांगतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : सध्या दोघांचेही ऐकू नये. ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे ते उष्णतेने जुने होत जाते, त्यात ज्वलनातून निसटलेले वायू, न जळलेले इंधन आणि पाण्याची वाफ मिसळते आणि त्यातून हा गाळ तयार होतो. गाडी केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरली गेली असेल, तर इंजिन पुरेसे तापतच नाही, वाफ आतच राहते आणि गाळ आणखी लवकर साचतो.

खरा धोका झाकणाखालच्या थराचा नाही. इंजिनाच्या तळाशी ऑइल चेंबर असतो आणि त्यात ऑइल पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. तीव्र फ्लशने वर्षानुवर्षे बसलेला गाळ विरघळण्याऐवजी पापुद्र्यांसारखा सुटला, तर ते तुकडे वाहत जाऊन नेमके या जाळीवर बसतात. मग चेंबरमध्ये ऑइल पुरेसे असूनही पंपाला ते ओढता येत नाही, दाब घसरतो आणि क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, बेअरिंग कोरडे पडू लागते. कालपर्यंत बरे चालणारे इंजिन धुतल्यानंतर निकामी झाले, असे म्हणतात, त्यामागे बहुधा हेच असते. डिझेलचा उपाय तर मुळीच करू नये. त्याला ऑइलइतके वंगण नसते आणि ते कितीही निथळले तरी थोडे आत राहून नवे ऑइल पातळ करते.

म्हणून आधी इंजिनात काय आहे, ते पाहावे. वरचे टॅपेट कव्हर उघडून घ्यावे. कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) नुसता तपकिरी रंग चढला असेल आणि बोटाने काही निघत नसेल, तर काळजीचे कारण नाही; पण खाचांमध्ये काळा, घट्ट लगदा भरला असेल आणि तो खरवडून काढावा लागत असेल, तर चेंबर खाली उतरवून जाळी हाताने स्वच्छ करणे हाच विश्वासाचा मार्ग आहे. हे काम वेळखाऊ आहे आणि पुन्हा बसवताना चेंबर नीट सील करावा लागतो, परंतु त्यात अंदाजाला जागा राहत नाही. त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह अवश्य तपासावा. इंजिनातली वाफ आणि वायू बाहेर ओढणारा हा छोटा भाग तुंबला, तर साफ केलेल्या इंजिनात गाळ पुन्हा धरतो.

थर पातळ असल्यास घाई न करता गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे चांगले ऑइल आणि नवा फिल्टर घालावा, आणि सुमारे १,५०० किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बदलावेत. असे दोन-तीन वेळा केल्यावर नेहमीच्या अंतराकडे वळावे. ऑइलमधले डिटर्जंट थर हळूहळू उतरवतात आणि फिल्टर तो अडवतो. काढलेला फिल्टर कापून त्याची कागदी घडी उलगडून पाहिली, तर किती गाळ निघतो, याचा अंदाज मिळतो. त्यात चमकणारे धातूचे कण दिसले, तर सफाई थांबवून आधी बेअरिंगची तपासणी करून घ्यावी. नवे ऑइल चार दिवसांत काळे पडले म्हणून घाबरू नये. ते मळ उचलत असल्याचीच ती खूण असू शकते.

झाकणाखाली काळ्याऐवजी मलईसारखा पिवळट थर असेल, तर तो पाण्याचा अंश आहे. थंड हवेत जवळच्या फेऱ्यांनी तो होऊ शकतो, पण कूलंटची पातळीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) तपासून घ्यावे. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर घरापर्यंत पोहोचण्याचा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.