अवजड मालवाहतुकीसाठी कमी डिझेल खाणारं इंजिन आणि गिअर रेशो कसा निवडायचा?

तुम्ही विचारलंय की लोडसकट गाडी ५० टनांची होणार, ३६० आणि ४४० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं समोर आहेत, क्राउन-पिनियनचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरजोडीचे; चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो रेशो) दोन-तीन रेशो मिळतायत, तर ॲव्हरेज कशात चांगलं पडेल. मी आधी रेशो ठरवेन, इंजिन नंतर. आणि त्याच्याही आधी एक आकडा लिहून काढा: भरलेली गाडी सपाट रस्त्यावर जास्तीत जास्त वेळ कोणत्या स्पीडला चालते? माहितीपत्रकातला स्पीड नको, तुमचा खरा हवा.

हल्लीची १२-१३ लिटरची टर्बो डिझेल इंजिनं साधारण १००० ते १३०० आरपीएममध्ये डिझेलचा सगळ्यात चांगला मोबदला देतात, आणि भरपूर टॉर्कही (फिरवण्याचा जोर) तिथेच असतो. त्याच्या बरंच वर फिरवलं की इंजिनाच्या आतल्या घर्षणातच डिझेल जातं. फार खाली, भरल्या लोडवर रेटलं तर इंजिन धडधडतं आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) जॉइंट मार खातात.

आता हिशोब. टायरचा घेर ३.२ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ३१२ वेळा फिरतं. टॉप गिअर डायरेक्ट (१:१, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर शाफ्टचाही एकच) असेल तर ३.७ च्या रेशोला इंजिन ११५० वर राहतं. उत्तम. पण २.६४ घेतलात तर ८२५, म्हणजे टॉप गिअर लागणारच नाही. हाच २.६४ ताशी ८० ला मात्र ११०० देतो, आणि तिथे ३.७ वाला १५४० वर ओरडत असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीला जो रेशो चालला तो तुम्हाला चालेलच असं नाही.

‘छोट्या रेशोने चढावर गाडी उठणार नाही’ ही भीती अर्धीच खरी. उठण्यासाठी पहिला गिअर गुणिले क्राउन-पिनियन बघायचं. १४.९४ चा पहिला गिअर आणि २.६४ मिळून ३९.४ होतात, ओव्हरड्राइव्ह बॉक्सचा (ज्याचा टॉप गिअर १ पेक्षा कमी, इथे ०.७८) ११.७३ आणि ३.४० मिळून ३९.९. जवळजवळ तेच! टॉपलाही दोन्ही सारखेच पडतात, कारण ०.७८ गुणिले ३.४० म्हणजे २.६५. डायरेक्टमध्ये गिअरचे दाते कमी घासतात, म्हणून थोडी बचत. मात्र शाफ्टवर टॉर्क जास्त येतो, तेव्हा शाफ्ट आणि हाउसिंग त्या टॉर्कसाठीच बनवलेले आहेत ना, हे विचारून घ्या. खाणीतला कच्चा रस्ता असेल तर मी ओव्हरड्राइव्ह किंवा हब रिडक्शनच (चाकाच्या हबमध्येच आणखी एक गिअर असलेला ॲक्सल) घेईन; तिथे ॲव्हरेजपेक्षा गाडी न अडकणं महत्त्वाचं.

आता इंजिन. सपाटीला ६० च्या स्पीडने ५० टन ओढायला ढोबळमानाने ७० किलोवॅट पुरतात, म्हणजे शंभराच्या आतच हॉर्सपॉवर. ३ टक्के चढावर तोच स्पीड टिकवायचा तर ३३० किलोवॅट लागतात, पण ३० वर उतरलात तर १६० च्या आसपास भागतं. वजन वर चढवायला लागणारी ऊर्जा दोन्हीकडे तेवढीच, फरक फक्त वेळेचा. रस्ता बहुतेक सपाट आणि वेळेची घाई नसेल तर ३६० घ्या. चढउतार सतत असतील तर ४४० घ्या, कारण छोटं इंजिन प्रत्येक उंचवट्यावर एक गिअर खाली येतं, आरपीएम वर जातो आणि रेशोतून कमावलेलं तिथेच गमावतं. ३६० च घ्यायचं असेल आणि दोन रेशोंमध्ये अडलात तर मोठा आकडा निवडा.